रुग्णशय्येच्या अलीकडे



स्मृत्यर्थ चालविलेल्या व्याख्यानमालेत स्मृतीवरच बोलावे, असा विचार मी जेव्हा चालकांपुढे मांडला तेव्हा त्यांनी तो आनंदाने मान्य केला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. विषय थोडा अवघड आहे, आणि सभेत सहसा बोलला जात नाही. ज्या पुरुषाबरोबर एका स्त्रीने आयुष्याची वीस, पंचवीस, तीस वर्षे काढली, आणि ज्याच्या उशाशी अखेरीस तिने दीर्घ आजाराचे दिवस काढले, त्या पुरुषाचे आयुष्य तिने मागाहून कसे आठवावे, कोणत्या क्रमाने आठवावे, आणि काय आठवावे, हा तो विषय होय.

कोणी म्हणेल, यात विचार करण्यासारखे काय आहे? आठवण ही काय विचारून येते? येते ती येते. पण खरोखर तसे आहे का? घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणास खिळून वारले असेल, तर त्या घरातल्या माणसांना विचारून पाहा. गेलेल्या माणसाविषयी बोला असे म्हटले की त्यांच्या तोंडी प्रथम येतो तो आजार: ताप केव्हा चढला, डॉक्टर काय म्हणाले, कोणते औषध लागू पडले आणि कोणते पडले नाही, शेवटच्या रात्री कोण कोण जवळ होते. चाळीस वर्षांचे चालते-बोलते आयुष्य एका बाजूला, आणि शेवटची दोन वर्षे दुसऱ्या बाजूला. तरीही पारडे झुकते ते त्या दोन वर्षांकडे. माझे यजमान गेल्यानंतर कित्येक महिने माझी हीच स्थिती होती. त्यांचा चेहरा म्हणून जो डोळ्यांपुढे येई तो उशीवरचा चेहरा असे, त्यांचा आवाज म्हणून जो कानी येई तो पाणी मागणारा क्षीण आवाज असे, आणि ज्या भरदार स्वराने त्यांनी आयुष्यभर वर्गात शिकविले, ज्या स्वराने ते जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच मला हाक मारीत, तो स्वर आठवावा म्हणून मी डोळे मिटून बसले तरी तो येत नसे. माणूस तर गेलाच होता. आता आजार त्याचे पूर्वायुष्यही आपल्यापासून हिरावून नेतो की काय, अशी भीती मला त्या दिवसांत वाटत असे, आणि ती भीती मी कोणाजवळ बोलून दाखवीत नसे, कारण समजूत घालायला येणारी सारी माणसेही आजाराचीच चौकशी करीत.

त्या काळात मी एक पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले. आपण सर्वांनी ते शाळेत असताना उताऱ्यांच्या रूपाने वाचलेले आहे. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. १९१० साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, ज्यांनी रमाबाईंचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना गुरू मानले होते. आजवर या ग्रंथाकडे आपण समाजसुधारणेच्या इतिहासाचे एक साधन म्हणून पाहिले, स्त्रीशिक्षणाचा एक दस्तऐवज म्हणून पाहिले, आणि ते सर्व योग्यच आहे. परंतु मी आज आपल्याला विनंती करणार आहे ती निराळी. एका पत्नीने आपल्या पतीचे आयुष्य रुग्णशय्येच्या हातून परत मिळविले, या दृष्टीने या ग्रंथाकडे आपण पाहावे.

प्रथम काळाचा हिशेब ध्यानात घेऊ. १८७३ च्या डिसेंबरात विवाह झाला. वर एकतीस वर्षांचे, वधू अकरा वर्षांची. माहेरचे नाव यमुना, कुर्लेकरांची कन्या, अक्षरओळख नसलेली. न्यायमूर्तींचे देहावसान झाले १६ जानेवारी १९०१ रोजी. म्हणजे सत्तावीस वर्षांचा संसार. आणि ग्रंथ आला मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. ही नऊ वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. पतीच्या निधनानंतर रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या घरी येऊन राहिल्या आणि पहिला बराच काळ त्यांनी जवळजवळ एकांतात घालविला. त्या काळात त्यांनी लिहिले असते तर? तर आपल्याला कदाचित एक करुण मृत्युवर्णन मिळाले असते आणि महादेव गोविंद रानडे नावाचा माणूस मिळाला नसता. शोक हा प्रामाणिक असतो, परंतु तो दूरचे पाहू शकत नाही. त्याला जवळचे तेवढेच दिसते, आणि जवळचे म्हणजे अखेरचे. नऊ वर्षांनी रमाबाई लिहावयास बसल्या तेव्हा पुढचे मागे आणि मागचे पुढे झाले होते, शेवट शेवटच्या जागी जाऊन बसला होता, आणि आरंभाला पुन्हा आरंभाचा मान मिळाला होता.

कोणता आरंभ? त्या अकरा वर्षांच्या मुलीला सासरी धाडताना वडिलांनी केलेला उपदेश, की सासरी काय वाटेल ते सोसावे लागले तरी सोस, आणि नवऱ्याजवळ घरच्यांच्या चहाड्या करू नकोस. त्यानंतर पतीच्या सहवासातला पहिला प्रसंग कोणता, तर पाटी पुढे घेऊन अक्षरे गिरविण्याचा. आणि मग वर्षानुवर्षे चाललेला तो विलक्षण संसार, ज्यात दिवसा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया शिकण्याबद्दल बोल लावीत, टोमणे मारीत, अबोला धरीत, आणि रात्री पती शिकवीत असे. आणि दिवसाचे रात्री सांगावयाचे नाही हा वडिलांना दिलेला शब्द ती मुलगी पाळीत असे. सांगत नसली तरी त्यांना ते कळत असे. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. न्यायमूर्तींनी घरातील स्त्रियांशी भांडण मांडले नाही. त्यांनी पत्नीचा पक्ष घेऊन घर दुभंगले नाही, आणि घराचा पक्ष घेऊन पत्नीचे शिक्षणही थांबविले नाही. हे योग्य की अयोग्य याचा निर्णय आपण आजच्या दृष्टीने सहज देऊ शकू, आणि मला स्वतःला असे वाटते की त्या मुलीवर पडलेला भार फार होता, इतका की तो हलका करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी तो अधिक वेळा वापरावयास हवा होता. परंतु रमाबाईंनी हे सर्व लिहिले, हे विशेष. पतीवर इतकी भक्ती असलेल्या स्त्रीने त्या दिवसांचे दुःख गाळले नाही, आणि ते दुःख सांगताना पतीला लहानही केले नाही.

ग्रंथात हुद्दे येतात, बदल्या येतात, इलाख्याचा सारा कारभार पाठीमागे उभा राहतो. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारला पुण्यातल्या प्रत्येक विद्वान ब्राह्मणाचा संशय येऊ लागला होता, आणि त्याच सुमारास न्यायमूर्तींच्या धुळ्याच्या बदलीचा हुकूम निघाला. धुळ्यास त्यांची टपाल फोडून पाहिली जात असे. इतिहासकार हे सांगेल तेव्हा तो राजकारण सांगेल. पत्नी सांगते तेव्हा त्या उन्हाळ्यात, परक्या गावी, संशयाखाली वावरणारा माणूस घरात कसा बसत असे, कसा बोलत असे, हे कळते. तो शांत होता हे इतिहासही सांगू शकेल. ती शांतता जेवणाच्या पाटावरही टिकत होती हे सांगणारी एकच साक्षीदार.

आणि मग त्या बारीकसारीक गोष्टी, ज्यांच्यासाठी मी हे पुस्तक पुन्हापुन्हा उघडते. आंबा कापून पुढे ठेवला असता एखाददुसरी फोड खाऊन हात आवरणारे, आणि जिभेला ताब्यात कसे ठेवावे हे पत्नीला सांगणारे न्यायमूर्ती. सरकारी समितीच्या कामानिमित्त कलकत्त्यास मुक्काम असताना बंगाली शिकण्याचा ध्यास घेऊन, दाढी करावयास आलेल्या न्हाव्यालाच शब्दांचे अर्थ विचारणारे न्यायमूर्ती. पहाटे अंथरुणातच अभंग म्हणणारे न्यायमूर्ती. यांपैकी एक तरी गोष्ट कोणत्या सरकारी दप्तरात सापडेल? सार्वजनिक सभेच्या अहवालात सापडेल? प्रार्थना समाजाच्या इतिहासात? या गोष्टी एकाच ठिकाणी नोंदल्या गेल्या होत्या, आणि ते ठिकाण म्हणजे ज्या स्त्रीने त्या पाहिल्या तिचे मन. तिने लिहिले नसते तर त्या तिच्याबरोबर गेल्या असत्या.

पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरणही मी येथे मुद्दाम काढते. १८९० च्या ऑक्टोबरात ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे झालेल्या त्या चहापानावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उठले, आणि पुढे मित्रमंडळींची अडचण दूर व्हावी म्हणून न्यायमूर्तींनी प्रायश्चित्त घेतले. ज्यात आपला दोष नाही असे ते मानीत, त्याचे प्रायश्चित्त! रमाबाईंना ते रुचले नाही. त्यांनी आपली नापसंती पतीजवळ बोलून दाखविली, आणि मृत्यूनंतर नऊ वर्षांनी ती ग्रंथातही ठेवली. मला विचाराल तर साऱ्या पुस्तकातील प्रेमाची सर्वांत मोठी खूण हीच आहे. गेलेल्या माणसाशी असलेला मतभेद जपून ठेवणे म्हणजे तो माणूस अजून उत्तर देऊ शकतो असे मानणे होय. ज्याची नुसती स्तुती होते तो पूर्णपणे गेलेला असतो. ज्याच्याशी अजून वाद घालावासा वाटतो तो घरातच आहे.

या सगळ्यानंतर, अगदी अखेरच्या भागात, आजार येतो. आणि तो येतो तेव्हा तो कोणाला झाला आहे हे आपल्याला पुरते ठाऊक असते, ही त्या रचनेची थोरवी. छातीत कळा येऊ लागल्या होत्या, प्रकृती ढासळत होती. आणि त्याच १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. डिसेंबरात लाहोरास सामाजिक परिषद होती. १८८७ पासून चालत आलेल्या या परिषदेस ते कधी चुकले नव्हते. डॉक्टरांनी मना केले, आणि मग आपले भाषण गोखल्यांच्या हाती देऊन त्यांना पाठविताना त्या धीरगंभीर पुरुषाच्या डोळ्यांत पाणी आले. हा प्रसंग आपल्याला हलवितो तो कशामुळे? आजारामुळे का? नव्हे. ज्या निष्ठेने वर्षामागून वर्ष त्यांनी ते परिषदेचे ओझे वाहिले ती निष्ठा आपण अगोदर पाहिलेली असते म्हणून. आधीचे आयुष्य सांगितले नसते तर ते केवळ एका आजारी माणसाचे अश्रू ठरले असते. पुढे सहा महिन्यांची रजा घेऊन विश्रांतीचा विचार झाला, आणि जानेवारीतील त्या रात्री सर्व संपले.

मात्र माझा एवढाच सिद्धांत असता, की आजार मागे सारा आणि पूर्वायुष्य पुढे आणा, तर तो अपुरा ठरला असता. कारण असेही संसार असतात की ज्यांत आजार अखेरीस येत नाही. तो लग्नाच्या वऱ्हाडाबरोबरच येतो. गोपाळ गणेश आगरकर आणि यशोदाबाई यांचा संसार असा होता. आगरकरांना दम्याचा विकार होता, आणि दम्याची रात्र काय असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे सांगावयास नको: उशांना टेकून बसलेला माणूस, श्वासाचा तो घरघराट, आणि उजाडण्याची वाट. अशा रात्रींच्या आगेमागे ‘केसरी’चे संपादन झाले, कोल्हापूर प्रकरणी डोंगरीच्या तुरुंगातले दिवस निघाले, १८८८ साली ‘सुधारक’ निघाला, १८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आले. जिवंतपणी गावाने त्यांची प्रेतयात्रा काढली ती त्यांनी पाहिली. १७ जून १८९५ रोजी ते गेले तेव्हा त्यांना एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. आणि आपल्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले सापडले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे.

त्या पुडीकडे आपण आगरकरांच्या बाजूने पाहतो आणि त्यांच्या निःस्पृहतेपुढे मस्तक नमवितो. यशोदाबाईंच्या बाजूने कधी पाहिले आहे का? ज्या घरात पगार थोडा, औषधपाणी सततचे, मुले लहान, आणि समाज उलटलेला, त्या घरातून ते रुपये बाजूला पडले होते. पतीने नास्तिक म्हणून जगाचा रोष ओढवून घेतला. घरात मात्र पत्नीच्या देवधर्माच्या आड तो आला नाही. असा पती आठवताना आजार वेगळा कसा काढावा? दमा काढून टाकला तर आगरकरांचा संसार उरतच नाही. तेथे आठवणीचे काम निराळे होते: आजार असतानाही तो माणूस आजाराहून किती मोठा होता, हे दाखविण्याचे. यशोदाबाईंनी रमाबाईंसारखा ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या आठवणी दुसऱ्यांनी विचारून घेतल्या म्हणून उरल्या, आणि जेवढ्या उरल्या तेवढ्यांसाठी विचारणाऱ्याचे उपकार मानले पाहिजेत.

लक्ष्मीबाई टिळकांचा उल्लेख केल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही, पण त्यांच्यावर मी थोडेच बोलेन, कारण ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांना मुखोद्गत आहेत. नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली ती १९३४ पासून. म्हणजे येथेही मध्ये काळ गेला, रमाबाईंपेक्षाही अधिक. परंतु लक्ष्मीबाईंची रीत पाहा. घरात न सांगता निघून जाणारा, हातचे देऊन टाकणारा, १८९५ साली धर्मांतर करून बायकोला पाच वर्षांच्या ताटातुटीत लोटणारा नवरा. त्याचा राग, त्याचे लहरीपण, त्याची माया, सारे त्यांनी एका श्वासात सांगितले. रमाबाई पतीला गुरुस्थानी ठेवून आठवतात, लक्ष्मीबाई त्याला समोर बसवून आठवतात. कोणती रीत श्रेष्ठ, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला आहे, आणि मनातून माझा कल लक्ष्मीबाईंकडे जातो हे मी येथे सांगून टाकते. दुःखाच्या कडेकडेने वाहणारा तो हसरा ओघ दुसऱ्या कोणाला साधला नाही. माधव जूलियनांच्या मागे लीलाबाई पटवर्धनांनी ‘आमची अकरा वर्षे’ लिहिले तेव्हा या दोघींनी पाडलेली वाट त्यांच्यापुढे होतीच.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित. आजाराला आठवणीत त्याची जागा दाखवून द्यावी असे मी इतका वेळ सांगत आले. पण त्याची जागा कोणती? आजाराचे दिवस विसरून जावेत असे मला म्हणावयाचे आहे काय? मुळीच नाही. त्या दिवसांत जे घडते ते दुसऱ्या कोणत्याही काळात घडत नाही. रानड्यांची दृष्टी अधू होती, म्हणून आजाराच्या कितीतरी आधीपासून रमाबाई त्यांना वाचून दाखवीत. रात्री तळपायाला तूप चोळावे आणि वाचावे, हा त्यांचा क्रम होता. म्हणजे शुश्रूषा ही त्या घरात एकाएकी आलेली नव्हती, ती सहजीवनाचीच एक रीत होती, आणि शेवटच्या आजारात ती गडद झाली इतकेच. पती आपली वेदना पत्नीपासून लपवू पाहतो आणि पत्नी आपली काळजी पतीपासून; दोघेही एकमेकांचे लपविणे ओळखतात; या अबोल व्यवहाराइतकी जवळीक तारुण्यातही नसते. माझ्या यजमानांच्या आजारात, ज्या गोष्टी आम्ही आयुष्यभर एकमेकांना विचारल्या नव्हत्या त्या विचारल्या. त्यांच्या आईविषयी ते त्या दिवसांत जितके बोलले तितके पूर्वी कधी बोलले नव्हते. मी मघाशी म्हटले की आजाराने त्यांचा आवाज माझ्यापासून नेला होता. तो परत आला, आणि कसा आला? त्यांच्या कपाटातील एका जुन्या पाठ्यपुस्तकाच्या कडेला त्यांनी शिकविताना केलेली पेन्सिलीची टिपणे मी वाचीत होते, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला मी ती त्यांच्या स्वरात वाचते आहे असे माझ्या ध्यानात आले. त्या दिवसानंतर आजारपणातले बोलणेही मला निराळे ऐकू येऊ लागले. तो क्षीण आवाज त्याच भरदार आवाजाचा होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता.

म्हणून या सभागृहात ज्या भगिनी अशा अनुभवातून गेल्या आहेत त्यांना माझे सांगणे आहे की लिहा. छापण्यासाठी लिहावे असे नाही. आपल्या यजमानांचा हुद्दा काय होता हे कचेरीच्या कागदात मिळेल, ते लिहू नका. त्यांना राग कशाचा येई, बाजारातून ते काय हटकून आणीत, तुमचे न पटलेले त्यांनी काय केले, आणि त्यांचे न पटलेले तुम्ही काय केले, ते लिहा. आजाराचे लिहावयाचे तर जरूर लिहा, पण त्यापूर्वी निदान दोन वह्या भरू द्या.

रमाबाईंविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. पुस्तक लिहिण्याच्या सुमारासच, १९०९ साली, त्यांनी पुण्यात सेवासदनाचे कार्य गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने उभे केले. त्या संस्थेने जी अनेक कामे हाती घेतली त्यांत एक असे होते की मध्यमवर्गातील स्त्रियांना, आणि त्यांत विधवांनाही, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण देवविणे. ज्या काळी परक्याच्या अंथरुणाला हात लावणे हेच कुलीन स्त्रीला अशक्य मानले जाई, त्या काळी या बायका रुग्णालयात रात्रपाळीस उभ्या राहिल्या, लोकनिंदा सोसून उभ्या राहिल्या. रमाबाईंच्या मनात स्वतःच्या घरातील ते अखेरचे दिवस या कामाच्या वेळी होते की नव्हते, हे कोणीही ठामपणे सांगू नये. पण त्या पहिल्या परिचारिकांनी काय पाहिले, किती जणांच्या उशाशी त्या जागल्या, आणि घरी परतल्यावर त्यांना काय आठवत राहिले, हे जाणून घेण्याची मला फार इच्छा आहे. आपल्यापैकी कोणाच्या आजीची, पणजीची, आत्याची अशी एखादी वही, चार पत्रे, निदान ऐकलेली एखादी हकीकत घरात शिल्लक असेल, तर सभा संपल्यावर मला अवश्य भेटा. मी येथे थांबणार आहे.